पोट नसलेल्यांची खानावळ

समुद्रघोड्याला पोट नसतं. दातही नसतात. नळीसारख्या तोंडातून आत गेलेला घास आतड्यातून सरळ पुढे सरकतो आणि अर्धामुर्धा पचून थोड्याच वेळात बाहेर पडतो. साठवणीची सोयच नसल्यामुळे सकाळी भरपेट खाऊन दिवसभर निवांत राहणं या प्राण्याला जमत नाही. समुद्रातल्या गवताला शेपटीची मिठी मारून तो उजेड असेपर्यंत टिपत बसतो. घरातल्या टाकीत ही सोय माणसाला करावी लागते. अमेरिकेतल्या होबोकनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी समुद्रघोड्यांची एक जोडी सांभाळते. सांभाळते म्हणजे मुख्यतः जेवायला वाढते. सकाळी कामावर निघण्यापूर्वी, संध्याकाळी आल्याबरोबर, रात्री आमची ताटं उचलल्यावर. आणि सुट्टी असली तर दुपारीही. नवऱ्याच्या मते आम्ही पोट नसलेल्यांची खानावळ चालवतो.

मायसिस नावाचे, कोळंबीसारखे दिसणारे इवले जीव गोठवलेल्या वड्यांच्या रूपात मिळतात. आमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीला खेटून त्यांचं पाकीट असतं. एक वडी वाटीत वितळू द्यायची, गाळणीत धुऊन घ्यायची (गाळणी वेगळी आहे, चहाला येणाऱ्यांनी काळजी करू नये), वर जीवनसत्त्वांचे थेंब टाकायचे आणि ड्रॉपरने टाकीतल्या शिंपल्यात सोडायची. शिंपला रोज त्याच जागी हवा. हा मासा जेवणाच्या मागे धावत नाही, जेवणाने त्याच्यासमोर हजर व्हायचं असतं. मग तो शेपटी सोडतो, पाठीवरचा पारदर्शक पर इतक्या जलद फडफडवतो की तो दिसेनासाच होतो, आणि उभ्या उभ्या तरंगत शिंपल्यापाशी येतो. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात. एक शिंपल्यावर, दुसरा माझ्यावर. प्रत्येक मायसिसची स्वतंत्र तपासणी होते. ती इतकी लांबते की आता ह्याला भूक नाही असं ठरवून आपण उठावं, आणि तेवढ्यात ‘टक्’ असा आवाज येतो. काचेपलीकडूनही तो स्पष्ट ऐकू येतो. मान काही मिलिसेकंदांत वर उसळते, नळी पाणी ओढते आणि मायसिस नाहीसा होतो.

या संथ प्राण्याला शिकारी म्हटलं की पाहुणे हसतात. पण २०१३ मध्ये अमेरिकन संशोधकांनी बुटक्या समुद्रघोड्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोपेपॉड नावाचे अगदी बारीक जीव पाण्यातली जराशी हालचाल जाणवली की क्षणात उडी मारून पसार होतात. समुद्रघोड्याच्या डोक्याचा आकारच असा असतो की तोंडाच्या टोकापुढचं पाणी जवळजवळ ढवळत नाही. शांत पाण्यात त्याचा नेम दहापैकी नऊ वेळा लागतो. मंदपणा हेच त्याचं हत्यार आहे. आमच्या टाकीत मायसिस मेलेलेच असतात, तरी तो तितक्याच सावधपणे, एकेक तसू पुढे सरकत जवळ जातो. पिढ्यान्‌पिढ्या कैदेत जन्मल्यावरही ही सवय गेलेली नाही.

माझी जोडी कैदेतलीच. अटलांटिक किनाऱ्यावर सापडणारी रेघांची जात, हिप्पोकॅम्पस इरेक्टस, पण पैदासकेंद्रात वाढलेली. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, थर्माकोलच्या खोक्यातून, एका रात्रीत कुरियरने आली. अमेरिकेत हे काही नवं नाही. मागच्या शतकाच्या मध्यावर इथल्या मुलांच्या कॉमिक्समध्ये जिवंत समुद्रघोडे टपालाने घरपोच मिळण्याच्या जाहिराती असत. फ्लोरिडाच्या उथळ पाण्यातून धरलेले ते बुटके समुद्रघोडे, जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढे, मुलांच्या टेबलावरच्या काचेच्या भांड्यात येऊन पडत. फार दिवस जगत नसावेत. समुद्रातून धरलेला समुद्रघोडा बहुतेक वेळा गोठवलेल्या अन्नाकडे ढुंकूनही बघत नाही आणि उपाशी मरतो. आता चित्र पुष्कळ बदललं आहे. हवाईतल्या कोना इथे १९९८ पासून पैदासकेंद्र चालू आहे. तिथली पिल्लं लहानपणीच मेलेलं अन्न खायला शिकून बाहेर पडतात. समुद्रातून धरलेला समुद्रघोडा घरात ठेवायला मी धजले नसते. पैदास केलेला ठेवते, आणि त्यातही सगळं शंकेपलीकडे आहे असा माझा दावा नाही.

लोकांना वाटतं मी मासे पाळते. प्रत्यक्षात माझा जवळजवळ सगळा वेळ पाण्यात जातो. टाकी ११० लिटरच्या थोडी वर आहे. या हौसेत ती छोटीच गणली जाते, आणि छोट्या टाकीचा त्रास मोठ्या टाकीपेक्षा जास्त. पाणी कमी असलं की बिघाड भराभर होतो. रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची, कारण शेपटीत शेपटी गुंफून ही जोडी वरपर्यंत तरंगत जाते आणि मादी नराच्या पिशवीत अंडी सोडते. टाकी ठेंगणी असली तर अंडी तळाला सांडतात. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे सगळ्या टाकीला जवळपास चार किलो. हे आपलं जेवणातलं मीठ नव्हे, समुद्राच्या पाण्यातले सगळे क्षार त्या त्या प्रमाणात मिसळून केलेलं. ते आरओच्या पाण्यात विरघळवायचं. त्यानंतर टाकी चार ते सहा आठवडे मासे न घालता तशीच चालू ठेवायची. घाणीतून अमोनिया तयार होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. हे दोन्ही जिवाणू दगडांच्या छिद्रांत वस्तीला येईपर्यंत समुद्रघोड्यांना आमंत्रण नाही. टाकी चालू असताना आत काहीच नव्हतं तेव्हा आमच्याकडे आलेल्या एका मित्राने बराच वेळ आत निरखून पाहिलं आणि विचारलं, “लपलेत का?”

मग पुढची रोजची कामं. पाण्याची वाफ होते पण मीठ मागेच राहतं, त्यामुळे कमी झालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं, खारं नाही. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. प्रवाह असायला हवा, पण जोरदार नको. उन्हाळ्यात होबोकनच्या खोल्या तापतात, आणि पाणी तेवीस-चोवीस अंशांच्या वर गेलं की व्हिब्रिओ जातीचे जिवाणू फोफावतात. समुद्रघोड्यांच्या शेपटीवर आधी पांढरट डाग पडतो, मग कातडी झडते. म्हणून पाणी गार ठेवणारा चिलर. चिलरचा आवाज रात्रभर घुमतो. भरती-ओहोटी, पाऊस, नद्या, आणि सगळी उष्णता पोटात घेणारं ते अफाट खोल पाणी, यांचं काम माझ्या दिवाणखान्यात दोन पंप, एक चिलर, एक घाण काढणारा स्किमर, एक थर्मामीटर, एक बादली आणि मी मिळून करतो. विजेचं बिल नवरा भरतो. रत्नागिरीत समुद्राकाठी वाढूनही समुद्र दिवसभर काय काम करत असतो ते मला या बिलाने दाखवलं.

वीज गेली तर काय, हा इथल्या हौशी लोकांचा कायमचा विषय. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं तेव्हा हडसन नदीचं पाणी होबोकनच्या रस्त्यांवर शिरलं आणि गावाचा मोठा भाग कित्येक दिवस अंधारात होता. आम्ही तेव्हा इथे नव्हतो. पण जुन्या लोकांच्या कपाटात अजूनही बॅटरीवर चालणारे हवेचे पंप असतात, आता माझ्याही आहेत. आणि एक गंमत. ती हडसन आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पलीकडे मॅनहॅटन. त्या काठच्या धक्क्यांच्या खांबांना, जुन्या जाळ्यांना आणि शेवाळाला माझ्याच जातीचे समुद्रघोडे बिलगून राहतात. निमखाऱ्या, गढूळ पाण्यात. संशोधक त्यांना मोजतात, मापतात आणि परत सोडतात. त्यांना कुणी चिलर दिलेला नाही. धक्क्यावर संध्याकाळी फिरताना कठड्यावरून खाली वाकून बघायची मला खोड लागली आहे. दिसत काहीच नाही, पाणी काळंशार असतं. तरी वाकते.

समुद्रघोडा मी पहिल्यांदा पाहिला तो रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, बंदरावर, खतासाठी वेगळ्या काढलेल्या किरकोळ मासळीच्या ढिगात. वाळून कडक झालेला, शेपटी आत वळलेली. एका काकांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि मी दप्तरात घालून शाळेत नेला. तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. २००१ मध्ये सगळे समुद्रघोडे आणि त्यांची भावंडं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली. वाघ त्याच अनुसूचीत आहे. म्हणजे जे मी होबोकनमध्ये राजरोस करते, त्यासाठी रत्नागिरीत तुरुंग आहे. २००२ मध्ये जगभरातल्या व्यापारावर सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रण घालायचं ठरलं आणि २००४ पासून ते अमलात आलं. चिनी औषधांसाठी वाळवलेले समुद्रघोडे हे त्यामागचं मोठं कारण.

आपल्याकडचा कायदा योग्य आहे असं माझं मत आहे, मात्र त्याच्या जोरावर निश्चिंत राहता येणार नाही. समुद्रघोड्याला बहुधा कुणी मुद्दाम धरत नाही. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं आणि त्यात तो येतो. जाळ्याला अनुसूची वाचता येत नाही. २०१७ च्या एका अंदाजानुसार जगभरात वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे असेच इतर मासळीबरोबर ओढले जातात. भारतातल्या बंदीचा अभ्यास करणाऱ्यांनी २०२१ मध्ये हेच लिहिलं की, जाळी बदलल्याशिवाय नुसत्या बंदीने फारसं साधत नाही. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पिवळ्या समुद्रघोड्याची पिल्लं टाकीत वाढवण्यावर बरंच काम झालं आहे. सिडनीत तर २०२० मध्ये मत्स्यालयात वाढवलेली पिल्लं परत बंदरात सोडली. त्यांच्यासाठी पाण्यात लोखंडी जाळीचे पिंजरे ठेवले होते. त्यांवर शेवाळ चढतं, शेवाळाला समुद्रघोडे धरतात आणि हळूहळू पिंजरा गंजून विरून जातो. माझ्या टाकीतून असं काही होणार नाही. तिचा समुद्राला उपयोग शून्य, हे मी स्वतःशी स्वच्छ बोलून ठेवलं आहे.

या टाकीचा मला स्वतःला उपयोग काय, असं आईने विचारलं होतं. आई जन्मभर कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत परिचारिका होती. उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आली तेव्हा पहिले काही दिवस तिने टाकीकडे पाठच केली. “माणसाला दोनदा जेवायला मिळायची मारामार, नि तू माशाला चारदा वाढतेस गो!” पण व्हिब्रिओचं नाव निघालं तशी ती वळली. पटकीचा जंतू याच घराण्यातला. तिने साथी पाहिल्या होत्या. तेव्हापासून पाण्याचं तापमान वहीत लिहायचं काम तिने आपणहून घेतलं. सकाळ-संध्याकाळ, आकड्यापुढे सही.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठायची, त्यामुळे जोडीचा सकाळचा कार्यक्रम तिने माझ्यापेक्षा जास्त पाहिला. दिवे लागले की दोघं आपापल्या फांद्या सोडून एकमेकांकडे येतात. रंग उजळतात. एकाच काडीला शेपट्या धरून दोघं गोल फिरतात, मग शेजारी शेजारी तरंगत टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. काही मिनिटांत सगळं आटोपतं आणि दिवसभर पुन्हा परक्यासारखे. अमांडा व्हिन्सेंट या संशोधिकेने सिडनीच्या पाण्यात बुड्या मारून मारून हे जंगली समुद्रघोड्यांत नोंदवलं. १९९५ मध्ये तिने आणि तिच्या सहकारी सॅडलर यांनी लिहिलं की तिथल्या जातीच्या जोड्या एका विणीच्या हंगामात तरी परस्परांना सोडत नाहीत, आणि रोजची ही भेटच त्यांना बांधून ठेवते. दुकानदार एवढ्यावरून समुद्रघोड्याला एकपत्नीव्रती करून टाकतात. टाक्यांमध्ये पुष्कळ वेळा तसं दिसत नाही, नवी मादी आली की व्रत ढिलं पडतं. माझ्याकडे दोघंच, त्यामुळे परीक्षेचा प्रसंगच नाही.

नराची पिशवी फुगली हे आईनेच आधी ओळखलं. मादी अंडी देऊन मोकळी होते, पुढचं सगळं नराकडे. अंडी त्याच्या पिशवीत फळतात, पिशवीच्या अस्तरातून पिल्लांना प्राणवायू आणि पोषण मिळतं, आणि दिवस भरत येतात तसतसं आतल्या पाण्याचा खारटपणा समुद्राच्या जवळ नेला जातो, म्हणजे बाहेर पडल्यावर धक्का बसू नये. साधारण वीस-एक दिवसांचा मामला. आई त्याला सरळ ‘बाळंतीण’ म्हणू लागली. “बाळंतिणीने आज कमी खाल्लं.” “बाळंतिणीचा रंग उतरलाय.” व्याकरणाची तिला पर्वा नव्हती.

त्या पहाटे तिने मला हलवून उठवलं. नर तळाशी एका काडीला घट्ट धरून होता आणि अंग पुढे दुमडत, पुन्हा ताणत होता. आईच्या हातात घड्याळ होतं. “कळांमधलं अंतर कमी होतंय,” ती म्हणाली, अगदी त्या जुन्या, सरकारी नोकरीतल्या आवाजात. टाकीसमोर स्टूल ओढून ती बसली. मला तिने पाण्याला हात लावू दिला नाही. मग एका आचक्यासरशी पिशवीतून धुरळा उडावा तशी पिल्लं बाहेर आली. पुन्हा आचका, पुन्हा पिल्लं. प्रत्येक पिल्लू सेंटीमीटरभर, काळसर, पण मुकुटासकट, शेपटीसकट, पूर्ण घडलेला समुद्रघोडा. शेकड्यांनी. मोजायचा आम्ही प्रयत्न केला आणि सोडून दिला. आईने वेळ मात्र वहीत लिहिली, सुरुवात आणि शेवट, आणि पुढे: ‘बाप सुखरूप’.

पिल्लांचं पुढचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ते सुखाचं नाही. या जातीची पिल्लं पहिले काही दिवस कशाला धरत नाहीत, पृष्ठभागाजवळ तरंगतात, तिथली हवा गिळतात आणि उलटी होतात. त्यांना ताजे फुटलेले आर्टेमिया नावाचे बारीक जीव लागतात. त्यांची सुकी अंडी युटातल्या खाऱ्या सरोवरातून डब्यांत भरून येतात आणि कोमट खाऱ्या पाण्यात एका दिवसात फुटतात. ओट्यावर मिक्सरच्या जागी उलट्या बाटल्या बुडबुडू लागल्या. सकाळ झाली की ड्रॉपरने मेलेली पिल्लं काढायची. जगली ती हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी. समुद्रातही हजारातली फार थोडी मोठी होतात हे मी आईला सांगितलं, खरं तर स्वतःला. ती म्हणाली, “सगळी जगली असती तर ठेवली कुठे असतीस? तुझ्याकडे दोनच तर खोल्या.” वाचलेली पिल्लं मोठी झाल्यावर टाकी सांभाळणाऱ्या इतर हौशी लोकांकडे गेली. पण त्याच्या कितीतरी आधी, पिशवी रिकामी होऊन फार वेळ लोटला नव्हता तेव्हाच, मादी पुन्हा नराभोवती फिरू लागली होती. आईने तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं मादीवर मत दिलं. ते इथे छापण्याजोगं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही कायमचे परत निघालो आहोत. सामानाच्या यादीत समुद्रघोडे नाहीत. कायदा नसता तरी मी नेले नसते. विमानातून तीस तास, मग रत्नागिरीचा मे महिना आणि जाणारी-येणारी वीज. आणि आता ते तिथे घरात ठेवायला माझं मनही तयार नाही. तिथला समुद्रघोडा तिथल्या समुद्रात आहे. तेव्हा जोडीसाठी घर शोधणं आलं. बऱ्याच जणांनी बऱ्याच उत्साहाने हात वर केले आणि जेवणाच्या वेळा ऐकून खाली घेतले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका तयार झाल्या. गेले काही आठवडे त्या संध्याकाळी वर येतात, शिकतात. मीठ मोजायला शिकल्या, घनता बघायला शिकल्या, वडी धुवायला शिकल्या. आईच्या वहीत आता त्यांचं अक्षर आहे.

“ही दोघं तुला ओळखतात का?” त्यांनी परवा विचारलं.

“ड्रॉपरला ओळखतात,” मी म्हटलं. “तो तुमच्या हातात असला की तुमच्याकडे येतील.”

त्यांना हे आवडलं असावं. त्यांनी ड्रॉपर हातात घेऊन काचेसमोर डावीकडे नेला, उजवीकडे नेला. दोन्ही नळ्या पाठोपाठ वळल्या. मग त्या वहीकडे आल्या आणि चष्मा लावून वेळापत्रक पुन्हा वाचलं.

“नोव्हेंबरात मी बोस्टनला मुलीकडे जाते,” त्या म्हणाल्या. “चार दिवस. तेव्हा काय करायचं?”

मी खरं ते सांगितलं. ही जोडी आल्यापासून मी आणि नवरा एका वेळी घराबाहेर राहिलेलो नाही. रत्नागिरीलाही आळीपाळीने गेलो.

त्यांनी थोडा विचार केला. “तर मग यंदा मुलीनेच इकडे यावं,” त्या म्हणाल्या, आणि रात्रीची वडी फ्रीझरमधून बाहेर काढायला उठल्या.